लाख, कुरुंद आणि राख

झाडीपट्टीत ‘लाख’ म्हटले की पुष्कळांना लाखोळीची डाळ आठवते. आपण येथे बोलणार आहोत ती लाख मात्र पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या एका बारीक किड्याची. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत पळसाला तोटा नाही. किड्याची मादी अंगाभोवती जी राळ स्रवते, ती खरवडून, वितळवून लाख मिळते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे निसर्गाने बनवलेले एक प्रकारचे पॉलिएस्टरच होय. थोड्या उष्णतेने मऊ पडणारी आणि निवताच कडक होणारी ही राळ एकटी फारशी टिकाऊ नसते. तिचा खरा इतिहास आहे तो तिच्यात मिसळलेल्या पुडीचा, म्हणजे भरणद्रव्याचा.

गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’त आहे. हिरा हिऱ्याच्याच पुडीने घासावा लागतो. पण इतर रत्नांसाठी भारतीय कारागीर जी साण वापरीत, ती कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून केलेली असे. घासता घासता कुरुंदाचा कण बोथट झाला की घर्षण वाढते, त्या जागी उष्णता वाढते, लाख सैल पडते आणि कण गळून जातो. खालचा धारदार कण वर येतो. म्हणजे साण स्वतः झिजते म्हणूनच कापत राहते. कण आणि राळ यांची पकड किती असावी, हे कारागिरांना हाताने कळत होते.

हीच लाख पुढे जगभर गेली ती ग्रामोफोनच्या तबकडीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. ‘लाखेच्या’ म्हणायचे इतकेच. वजनाने लाख साधारण चौथा हिस्सा, बाकी पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची पूड, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. पूड स्वस्त म्हणून घातली, असे आपल्याला वाटेल. ते खरेच आहे, पण अर्धेच. पोलादी सुईवर ध्वनिपेटीचा सुमारे शंभर ग्रॅम भार असे. सुईचे टोक चौरस मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर टेकते असे धरले, तर दाब हजार वातावरणांच्या घरात जातो! नुसत्या लाखेची खाच त्याखाली लवकरच कुस्करली गेली असती. कठीण पुडीने भार पेललाच, शिवाय पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे केले. टोक खाचेत नीट बसले की भार अधिक जागेवर पसरतो आणि दाब उतरतो. झीज सुईच्या वाट्याला जावी, गाण्याच्या नाही, अशी ही योजना होती. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची. पुडीमुळे जी खरखर ऐकू येई, ती या सोयीची किंमत.

लाखेची मागणी वाढली तशी तिची महागाईही. तिला पर्याय शोधता शोधता लिओ बेकलंड यांना बॅकेलाइट सापडले. १९०९ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. पुढे १९४८ पासून व्हिनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाखेचे हे मोठे गिऱ्हाईक हळूहळू गेले. जंगलात लाख गोळा करणाऱ्याच्या मिळकतीचा धागा असा दूरच्या प्रयोगशाळेला बांधलेला होता. त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

१९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना योगायोगाने टेफ्लॉन सापडले. त्याचे घर्षण अत्यंत कमी, पण झीज भरमसाट! घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. टेफ्लॉन ते खोटे ठरवते. त्याचे पापुद्रे सुटे होऊन निघून जातात. त्यात काचतंतू, ग्रॅफाइट किंवा काशाची पूड मिसळली की पापुद्रे अडतात, समोरच्या पोलादावर टेफ्लॉनचा पातळ थर चिकटून राहतो आणि झीज शंभर पटींहूनही कमी होऊ शकते. मात्र समोरचा धातू मऊ असेल, तर काचतंतू त्यालाच ओरबाडतात.

ब्रेकच्या अस्तरात गरज उलटी असते: घर्षण हवे, तेही तापल्यावर टिकणारे. तेथे बॅकेलाइटच्या कुळातील राळेत बरीच दशके ॲस्बेस्टॉस घातले जाई. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक ठरल्याने पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यांत कोळशाची उडती राखही तपासली गेली आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातून ही राख १९८० च्या दशकापासून निघते आहे. सिलिका आणि ॲल्युमिना यांचे हे कण बहुतांशी गोल, काही तर पोकळ असतात. वाळूच्या कोनदार कणाइतके ते ओरबाडत नाहीत. पण राख दळली, तर गोळे फुटून धारा तयार होतात.

शाळेत हे करून पाहता येईल. मोहोर लावायची लाख वितळवून दोन सारख्या कांड्या ओताव्यात, एकीत बारीक वाळू आणि दुसरीत तितकीच चाळलेली राख घालून. राख हाताळताना नाकाला रुमाल बांधावा. दोन्ही कांड्या सारख्या वजनाखाली काचेवर सारख्याच वेळा घासाव्यात. मग कांड्या तोलाव्यात आणि काच भिंगातून पाहावी. कांडी किती झिजली आणि काच किती ओरबाडली, या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात.