'अपौरुषेय' गाणे आणि गाणारीचे नाव : लोकगीतांच्या पॉडकास्टचा पूर्वेतिहास

लोकगीताची चर्चा करताना मराठी समीक्षेने संहिता आणि प्रयोग या दोन संज्ञांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. या दोहोंच्या मध्ये असणाऱ्या तिसऱ्या गोष्टीकडे, गीतासोबत ठेवल्या जाणाऱ्या नोंदीकडे, मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. कोणी गायिले, कोणत्या गावी, केव्हा, कोणते काम करीत असताना, कोणाकडून शिकून, असा हा पाचसहा गोष्टींचा तपशील. छापील संग्रहांच्या काळात तो प्रस्तावनेत वा तळटीपेत गेला आणि बहुधा गळालाच. आज लोकगीतांचे रसिक ज्या पॉडकास्टमधून गाणी शोधतात आणि एकमेकांना ऐकवतात, त्या माध्यमाने हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. तेथे गीत सापडणे वा न सापडणे हे या नोंदीवरच अवलंबून असते.

'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनी २००४ च्या फेब्रुवारीत 'गार्डियन' या वृत्तपत्रात वापरला. २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये अशा मालिकांची सूची समाविष्ट केली आणि ही प्रथा सर्वदूर झाली. तिची यंत्रणा साधी आहे. मालिकेचा कर्ता आरएसएस नावाची एक मजकुराची यादी ठेवतो. तीत प्रत्येक भागाचे शीर्षक, वर्णन आणि ध्वनिफितीचा पत्ता असतो. ठिकठिकाणच्या सूची ही यादी वाचतात, आवाज मात्र मूळ जागीच राहतो. म्हणून २०२४ मध्ये गूगलची पॉडकास्ट सेवा बंद झाली तेव्हा श्रोत्यांची एक वाट बंद झाली, कार्यक्रम नष्ट झाले नाहीत. येथे अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, सूची मुख्यतः शब्द वाचते. बोललेल्या मजकुराचे आपोआप लेखन करण्याची सोय अलीकडे काही सेवांनी केली आहे, परंतु तिचा रोख प्रामुख्याने मोठ्या भाषांतील संभाषणाकडे आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, बोलीत म्हटलेली ओवी तिच्या हाती लागेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. वर्णनात गाव नसेल तर त्या गावचे गाणे शोधणाऱ्यास ते मिळणार नाही. 'लोकगीत' एवढाच शब्द असेल तर ते रंगमंचीय लोकगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या गर्दीत बुडेल.

हा प्रश्न यंत्राबरोबर आला असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी १९०३ मध्ये सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज येथे जॉन इंग्लंड या माळ्याच्या तोंडून एक गीत ऐकून टिपून घेतले, आणि तेथून त्यांच्या संग्रहकार्याला आरंभ झाला. शार्प यांची साधने कान आणि लेखणी ही होती. फोनोग्राफविषयी त्यांना आक्षेप होते. यंत्रासमोर गायक अवघडतो, असे त्यांचे म्हणणे. उलट पर्सी ग्रेंजर यांनी १९०६ मध्ये लिंकनशरमधील गायकांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतले, आणि १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने जोसेफ टेलर या वृद्ध गायकाच्या ध्वनिमुद्रिका बाजारात आणल्या. हा मतभेद केवळ साधनाविषयीचा नव्हता. शार्प यांच्या १९०७ च्या ग्रंथात लोकगीत हे सातत्य, परिवर्तन आणि निवड या तीन तत्त्वांनी घडणारी समूहाची निर्मिती आहे. गायक हा त्या प्रवाहातील एक टप्पा. ग्रेंजर यांनी १९०८ च्या आपल्या निबंधात गायकाच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा हाच विवेचनाचा विषय केला. तोच सूर पुनःपुन्हा ऐकता येऊ लागला तेव्हा टेलर कोठे थबकतात, कोणता स्वर हलवतात, हे दिसू लागले. यंत्राने समूहाच्या सिद्धान्तामागे दडलेला माणूस पुढे आणला, असे म्हणता येईल.

पुढे न्यूयॉर्कमध्ये मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या फोकवेज कंपनीने या विचाराला व्यवहाराचे रूप दिले. तिच्या ध्वनिमुद्रिकांसोबत माहितीपुस्तिका असे. ॲश यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिकांचा हा संग्रह स्मिथसोनियन संस्थेकडे गेला तो एका अटीवर: त्यातील एकही ध्वनिमुद्रिका अनुपलब्ध होऊ द्यावयाची नाही. मोझेस यांचे पुत्र मायकल ॲश यांनी या संग्रहावर २६ भागांची एक मालिका केली, तीही आज ऐकावयास मिळते. तीत जुन्या पुस्तिकेची जागा निवेदनाने घेतली आहे. उत्तम लोकगीत-पॉडकास्टचे हे लक्षणच मानावे लागेल: नोंद तेथे गाण्याच्या बाहेर राहत नाही, ती श्राव्य होते, गाण्याच्या आधी कानावर पडते आणि श्रवणाचा भाग बनते.

इंग्रजी परंपरेला आणखी एक आधार लाभला. ग्रंथपाल स्टीव्ह राउड यांनी पाठभेदांसह एकाच गीताला एकच क्रमांक देणारी सूची सिद्ध केली. सुमारे २५ हजार गीते तीत आली आहेत. नाव बदलले, पहिली ओळ बदलली, तरी क्रमांक बदलत नाही. जॉन बोडेन या गायकाने २४ जून २०१० पासून वर्षभर रोज एक पारंपरिक गीत पॉडकास्टद्वारे प्रसृत केले. लोकांनी पुन्हा एकत्र बसून गावे, हा त्यांचा हेतू होता. अशी मालिका ऐकून एखाद्यास मूळ गायकापर्यंत वा अन्य पाठांपर्यंत मागे जावयाचे असेल तर राउड क्रमांकाची वाट तयार असते. मराठीत अशी सर्वमान्य क्रमांकसूची नाही, याचे शल्य लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यास पावलोपावली जाणवते.

आपल्याकडील स्थितीमागे एक सैद्धान्तिक कारणही आहे. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या आणल्या त्या अपार जिव्हाळ्याने, विषयवार मांडून, प्रसंग समजावून देत. पण ओवीखाली गाणारीचे नाव नाही. कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ मध्ये आपल्या ग्रंथास 'अपौरुषेय वाङ्मय' हे नाव दिले. हा शब्द विलक्षण नेमका आहे. वेदांचे विशेषण त्यांनी चुलीजवळच्या, जात्याजवळच्या वाङ्मयाला दिले आणि त्याच श्वासात ते पुरुषांचे नव्हे, हेही सुचवले. प्रतिष्ठा देण्याची ही रीत त्या काळी क्रांतिकारकच होती. मात्र त्या प्रतिष्ठेची किंमतही होती. वेदांना कर्ता नाही, तसाच ओवीलाही नाही, हे गृहीत धरले की गाणारीचे नाव विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. पुढील पिढ्यांनी शब्दातील श्लेष सोडला आणि अनामिकता तेवढी उचलली. अनामिकता हा लोकसाहित्याचा गुणधर्म म्हणून आपण वर्गांत शिकवीत आलो. ती पुष्कळदा संग्राहकाने न विचारल्याचा परिणाम असते, हे क्वचितच सांगितले.

या परंपरेला छेद दिला तो हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ यांनी. १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ भागात सामाजिक कार्य करताना त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यावयास आरंभ केला. पुढे एक हजारांहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. संख्या थक्क करणारी आहेच. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ओवी, गाणारी आणि गाव यांची सांगड न सोडण्याला. १९९० च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पिठाची गिरणी गावोगाव पोचली होती; जात्यावर बसले की ओवी सुचते ही म्हण खरी असली तरी जात्यावर बसण्याचेच प्रसंग संपत आले होते. ध्वनिमुद्रण झाले ते या सरत्या क्षणी.

या ध्वनिफितींचा पुढील प्रवास बोलका आहे. मावळातील आणि मराठवाड्यातील हे आवाज गुडगावच्या अभिलेखागारात गेले, तेथून फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील वाणी आणि भाषाविषयक संग्रहात. सर्वसामान्य मराठी श्रोत्यापर्यंत ते परतले २०१७ पासून, 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने ही ओवीमाला क्रमशः प्रसिद्ध करावयास घेतली तेव्हा. तांत्रिक अर्थाने हा पॉडकास्ट नव्हे. पण एकेक भाग, त्यात ध्वनी, संहिता, भाषांतर आणि गाणारीचा परिचय, ही त्याची रचना पॉडकास्टच्या उत्तम परंपरेशी थेट नाते सांगते. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा १९९६ मध्ये मुद्रित झालेला आवाज आज ऐकताना आपण 'एक स्त्री' ऐकत नाही, गंगूबाईंना ऐकतो. लय कोठे ओढली, ओळ कोठे पुनः घेतली, याची चर्चा त्यामुळेच शक्य होते. कर्ता नसलेल्या संहितेची शैलीमीमांसा करता येते, शैलीची जबाबदारी मात्र कोणावर टाकता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो एकमेकांना पाठविण्याचा. रसिक भाग ऐकतो, आवडलेली दोन मिनिटे कापतो आणि मित्रांना धाडतो. या कापण्यात पहिल्यांदा जाते ते निवेदन. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी मोबाइलवर आलेली ओवी उत्साहाने ऐकवतात. कोणाची, असे विचारले की 'पारंपरिक' असे उत्तर येते. म्हणजे छापील संग्रहाने जे पन्नास वर्षांत केले ते दूरध्वनीवरील बोटाने क्षणात होते. कायद्याने या बाबतीत समीक्षेच्या पुढे मजल मारली आहे, हे नमूद करणे भाग आहे. पारंपरिक गीताच्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसला तरी १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात गाणाऱ्याचा, प्रयोगकर्त्याचा, स्वतंत्र हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाचा प्रयोगकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्कही त्याला दिला. या हक्काला अपवाद आहेत, अंमलबजावणी तर दूरच. तथापि कायदा ज्या गायिकेला व्यक्ती मानतो तिला लोकसाहित्यशास्त्राने प्रवाहातील थेंब मानावे, ही विसंगती आपल्या शास्त्राला भूषणावह नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, नाव देण्याने ओवी एका बाईच्या मालकीची होते आणि तिची सामूहिकता मारली जाते. आक्षेप वजनदार आहे, पण तो उलटा लागू पडतो. एकच ओवी दहा गावांत दहा जणींनी कशी वळवली हे दाखवायचे असेल तर त्या दहा जणी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. नावे पुसली की दहा पाठ उरत नाहीत; एक 'प्रमाण' पाठ आणि नऊ अपभ्रंश उरतात. शार्प यांच्या परिवर्तनाच्या तत्त्वाला पुरावा मिळतो तो असा, नावानिशी. शिवाय ओवीत स्वतः गाणारी नावांची कंजूषी करीत नाही. भाऊ, लेक, सासरचे गाव, माहेरच्या वाटेवरचे देव, सर्व तीत येतात.

व्यवहारात यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या वर्णनात गाणारीचे नाव, गाव, तालुका, मुद्रणाचे वर्ष आणि मूळ संग्रह देवनागरीत लिहावा, आणि रोमन लिपीतील प्रचलित रूपेही सोबत द्यावीत, कारण 'ओवी' हा शब्द त्या लिपीत एकाहून अधिक परींनी लिहिला जातो आणि शोधणारा नेमका कोणते रूप टंकील याचा भरवसा नाही. ज्या गायिकेने नाव देण्यास नकार दिला असेल तिथे तसे स्पष्ट म्हणावे. 'अज्ञात' आणि 'नाव देऊ इच्छीत नाही' या दोन भिन्न नोंदी आहेत. निवेदन भागाच्या आरंभी एकदाच न करता प्रत्येक गीताला लागून करावे, म्हणजे कापणाऱ्याच्या हाती गाण्याबरोबर नावाचीही दोन वाक्ये लागतील.