टब-शॉवरचे बाथरूम: फोडाफोडीआधी हे ठरवून घ्या

अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो पडतो, भंडारदरा भरतो. तरी उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरचीच वाट पाहावी लागते. म्हणून जुने बाथरूम फोडून टब-शॉवर बसवायचा असेल, तर आधी पाण्याचा हिशोब करू या.

पाणी: साधा टब 5 फूट लांब, अडीच फूट रुंद असतो. भरायला सुमारे 150 लिटर पाणी लागते. बादलीने आंघोळ 20 लिटरमध्ये होते. 15 लिटरच्या गिझरवर टबभर गरम पाणी मिळत नाही, हेही लक्षात घ्या.

वजन: पाणी, टब आणि माणूस मिळून 250 किलोच्या आसपास भार होतो. वरच्या मजल्यावर बसवण्याआधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा.

बुजुर्ग: टबची कड दीड फुटाच्या आसपास उंच असते. ओल्या पायांनी ती ओलांडताना अम्मी-अब्बांचा पाय घसरला, तर हाड मोडायला वेळ लागत नाही. भिंतीत पक्का दांडा आणि खरबरीत टाइल्स हव्यातच. गुडघे दुखत असतील तर टब नकोच. शॉवरखाली स्टूल ठेवा.

सीट: आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून सीट उत्तर-दक्षिण ठेवा. पाइप गाडल्यावर दिशा बदलायची म्हणजे पुन्हा फोडाफोड.

गळती: वॉटरप्रूफिंग वाळल्यावर 24 तास पाणी साठवून बघा. खाली ओल आली नाही, तरच मिस्त्रीला टाइल्स लावू द्या.