पित्तनलिका-पुटी, बालकांतील : प्रतिमानिदान

यकृतातील पित्त आतड्यात नेणारी नलिका जन्मतःच पिशवीसारखी फुगलेली असण्याचा विकार. तो पूर्व आशियात, विशेषतः जपानमध्ये, अधिक आढळतो. मुलींत प्रमाण मुलांच्या तीन-चार पट असते. पोटदुखी, कावीळ व पोटातील गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच दिसतात. म्हणून निदानाचा भार प्रतिमांवर पडतो.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. उपाशीपोटी बाळाच्या उजव्या बरगड्यांखाली प्रोब ठेवला की यकृताच्या खालच्या अंगाला काळी, गोल वा लांबट, द्रवाने भरलेली पिशवी दिसते. ती पित्ताशयाहून वेगळी आहे आणि पित्तनलिका तिच्यातच उघडतात, हे पटले की निदान जवळपास पक्के होते.

एमआरसीपी या चुंबकीय तपासणीत क्ष-किरण लागत नाहीत. तीत पित्त पांढरे उमटते. पुटीचा विस्तार व स्वादुपिंडनलिकेशी झालेला सदोष जोड कळतो. तोदानी व सहकाऱ्यांच्या १९७७ मधील वर्गीकरणानुसार पुटीचे पाच प्रकार असून पहिला सर्वाधिक आढळतो.

तान्ह्या बाळात पित्तनलिका बंद असण्याचा विकार वेगळा ओळखणे तातडीचे असते. तेथे प्रत्येक आठवडा मोलाचा. पुटी तशीच राहिल्यास पुढे कर्करोगाचा धोका असतो; म्हणून ती काढून यकृतनलिका लहान आतड्याला जोडतात.