वाचताना डोळे उड्या मारतात, मग नेम का चुकत नाही?

ही ओळ वाचताना तुमचे डोळे सरकत नाहीयेत, उड्या मारतायत. सेकंदाला साधारण तीन! या उडीला ‘सॅकेड’ म्हणतात. वाचतानाची एक उडी सुमारे ३० मिलिसेकंदांत संपते. इतक्या वेळात बघून चूक सुधारणं शक्य नसतं. म्हणून मेंदू उडीचा हिशेब आधीच मांडतो.

नेम हुकलाच, तर लगेच दुसरी छोटी उडी होते. तीच चूक वारंवार झाली, तर लहान मेंदू पुढच्या उड्यांचं माप बदलतो. १९६७ मध्ये मॅकलॉफलिन यांनी उडी सुरू असतानाच लक्ष्य हलवलं. काही प्रयत्नांतच डोळे थेट नव्या जागी जाऊ लागले.

लहान मेंदूला इजा झाली, तर नजर लक्ष्याच्या पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते. म्हणूनच डॉक्टर कधी बोटाकडे, कधी पेनाकडे पटकन बघायला सांगतात.