टाके वाळेपर्यंतची मजुरी

साल २०११, पावसाळ्याचे दिवस. तुम्ही द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात गोणी वाहताय. शेजारचं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, आणि भातखाचरं-मिठागरांच्या या मुलखात असे यार्ड उभे राहत गेले. तुमचं गाव बीड जिल्ह्यात. हजेरी ठेकेदाराच्या मुकादमाच्या वहीत, कंपनीच्या कागदावर तुम्ही नाहीच.

छातीत कळ येते. डॉक्टर बायपास सांगतात. "वजन किती उचलता?" "पन्नास किलो." "तीन महिने पाच किलोसुद्धा नाही."

बायकोचं डोरलं जातं, गावाकडची एकरभर जमीन गहाण पडते, वर मुकादमाची उचल. ती फेडायला तुम्ही छातीचं हाड नीट जुळायच्या आत पुन्हा गोणीखाली.

काळ पुढे सरकवा; तीच कळ तेव्हा आली समजा. २ जुलै २०१२. राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झालीय: ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. यार्डाचं रायगड आणि नांदेड यादीत आहेत, बीड नाही, आणि तुमचं रेशनकार्ड बीडचं. खोलीतल्या नांदेडच्या गड्याचं काम होऊ शकतं, तुमचं नाही.

२१ नोव्हेंबर २०१३ला योजना राज्यभर पोचते. आता तुमचं ऑपरेशन होतं, बिल भरावं लागत नाही. खोलीवर आल्यावर बायको विचारते, "मुकादम काय म्हणाला?"

"बरा झालास की ये, म्हणाला."

खोलीचं भाडं मात्र तुम्ही बरे होईपर्यंत थांबत नाही.

२०२४. योजनेला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे, मर्यादा पाच लाखांची. पैसे इस्पितळाला मिळतात. बुडालेल्या मजुरीचा रकाना त्यात नाही.

त्याच यार्डातल्या, नाव नोंदलेल्या कामगाराच्या जागी क्षणभर उभे राहा. पगार १२,००० रुपये. ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, त्याचे ९० रुपये कापले जातात, मालक ३९० भरतो. सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले असले, की आजारपणात ९१ दिवसांपर्यंत मजुरीचे ७० टक्के मिळतात, रोजचे सुमारे २८० रुपये. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने म्हणजे जवळपास तेवढेच दिवस.

आता परत तुमच्या जागी या. ठेकेदाराने तुमच्यामागे महिन्याला ३९० रुपये वाचवले. ती बचत तुमचं घर व्याजासकट फेडतंय.