तळटीप १७ : समाधी
१७. समाधी (१९५०) : रमेश सैगल दिग्दर्शित, फिल्मिस्तानचा हिंदी चित्रपट, संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे. नायक शेखर (अशोक कुमार) सुभाषबाबूंच्या हाकेला ओ देऊन आझाद हिंद सेनेत जातो. भाऊ ब्रिटिश फौजेतच राहतो. नलिनी जयवंत इंग्रजांसाठी हेरगिरी करणाऱ्या लिलीच्या भूमिकेत आहेत. प्रत्यक्षात सेनेची घडी बसवणाऱ्या अधिकाऱ्यांत सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले होते. मराठा पलटणीतले हे अधिकारी फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर युद्धकैदी झाले. ऑक्टोबर १९४३ च्या आझाद हिंद सरकारात त्यांना मंत्रिपद मिळाले. ओरत्तनाडूच्या प्रकरणात हा चित्रपट येण्याचे कारण असे : १९४३ नंतर युद्धकैद्यांच्या जोडीला मलायातील रबरमळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने भरती झाले आणि त्यांच्यापैकी अनेकांची मुळे तंजावर जिल्ह्यात होती. मळ्यांसाठी माणसे नागपट्टणच्या बंदरातून जहाजाने जात. ओरत्तनाडु याच जिल्ह्यातले. दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र तेथेच आहे. ‘समाधी’चा नायक मात्र मळ्यावरचा मजूर नाही, सेनेतला बराचसा शिपाईगडी तसा असूनही.