तानसाचं पाणी आणि विज्ञानकथेतलं प्रेम

मराठी विज्ञानकथेत तरुण-तरुणींचं प्रेम दुय्यम राहिलं, याचं कारण तिच्या जन्मात आहे. 1900 साली 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा अनुवाद आला; पुढे मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी तिला बळ दिलं. 1974 च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. (परीक्षक फसले, बक्षीसही मिळालं!) पण विज्ञानप्रसाराच्या हेतूनं भरवलेल्या स्पर्धेत कल्पनेला मान, हुरहुर मागच्या बाकावर.

कुणी म्हणेल, विज्ञान आणि प्रेम एकत्र आणणारी कादंबरी लिहिली, तरी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पोरांना ती परकीच वाटणार. मला हे पटत नाही. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण 1892 चं. तेव्हापासून इथलं पाणी जाडजूड नळांतून मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. यंत्र आणि विरह, दोन्ही इथं घरचेच. टँकरच्या रांगेत जुळलेलं प्रेम आणि नळावर पहारा देणारं यंत्र, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. वाचक तयार आहे. अडलंय ते लिहिणाऱ्यांचं.